आयरिस नावाची वहिनी

जयपूरहून दादाचा फोन आला. ‘ती गेली गं,’ एवढंच म्हणाला... पूजेची फुलं काढताना वहिनी जरा टेकली, ती उठलीच नाही. महिना होत आला, पण तिच्याबद्दल कुणाशी बोलायचं तर आधी तिच्या नावाचा खुलासा करावा लागतो. तो ती स्वतः फार छान करायची.

तिचं नाव आयरिस. तिचे वडील जयपुरात डोळ्यांचे डॉक्टर. डोळ्यातल्या रंगीत भागाला आयरिस म्हणतात, आणि ते नाव आलं ग्रीक पुराणातल्या इंद्रधनुष्याच्या देवतेवरून. ती देवांचे निरोप माणसांपर्यंत पोचवते. वडिलांनी लेकीसाठी तेच निवडलं. शास्त्रीनगरातल्या आमच्या शेजारणी तिला ‘आरसीजी’ म्हणत, तरी ती हसून ओ द्यायची. ‘त्यांच्या तोंडात तसंच बसतं, मतलब हाक मलाच असते ना,’ म्हणायची.

दादाचं लग्न ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं. बाबा रेल्वेत, घर जयपुरात, पण आईचे रीतिरिवाज सगळे साताऱ्याचे. सुनेचं नाव तिनं शुभांगी ठरवलं होतं. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले, दादानं अंगठी हातात घेतली. वहिनी हळूच म्हणाली, ‘माझे बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांनी दिलेलं नाव राहू द्याल?’ दादानं एकदा आईकडे पाहिलं आणि तांदळात लिहिलं... आयरिस. आई ताडकन उठून आत गेली.

पुढं कितीतरी वर्षं आईनं तिला नावानं हाक मारली नाही. ‘अगं’, ‘सूनबाई’, नाहीतर नुसतं ‘ऐकलंस का’. वहिनीनं कधी तक्रार केली नाही. आईचं पथ्यपाणी, औषधं, सगळं तीच बघायची.

मग माझं लग्न ठरलं. याद्या करताना माझ्या होणाऱ्या सासूबाई सहज म्हणाल्या, ‘वृंदाचं नाव आम्ही वैदेही ठेवू.’ मी खाली बघत राहिले. तेवढ्यात आई म्हणाली, ‘आमच्याकडे मुलींची नावं बदलत नाहीत. हवं तर आमच्या आयरिसला विचारा.’

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती. तिचे डोळे भरून आले होते. मी आजही वृंदाच आहे.

परवा जयपूरला जाऊन आले. संध्याकाळी दिवे गेले. दादा चाचपडत मेणबत्ती शोधत होता. शोधता शोधता आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाला, ‘आयरिस, काडेपेटी कुठंय गं?’