कानाने लावलेले टॅपेट

गेल्या उन्हाळ्यात एका सोमवारी सकाळी, कोल्हारहून नगरला जाताना गुहा गावाच्या पुढे आमची गाडी बंद पडली. गाडी वडील चालवत होते. आई मागच्या सीटवर उशीला टेकून बसली होती, मी तिच्या शेजारी. आईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी नगरच्या दवाखान्यात न्यावं लागतं. तिथे मशीन ठरलेल्या वेळेलाच मिळतं. उशीर झाला तर तेवढा वेळ कापला जातो, आणि मग पुढच्या खेपेपर्यंत तिच्या पायांची सूज उतरत नाही, आडवं झालं की दम लागतो.

गाडी जुनी, छोटी, चार दारांची. तसल्या गाड्या बनायच्या बंद होऊन बरीच वर्षं झाली. वडिलांनी ती घेतली तेव्हा ते साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले ते फोरमन म्हणून. कारखान्यात त्यांचं सगळं आयुष्य मिलहाऊसमध्ये गेलं, ऊस जिथे गाळला जातो त्या चरकांशेजारी. गाडीच्या इंजिनाला त्यांनी दुसऱ्या कोणाचा हात फारसा लागू दिला नाही. आईचं आजारपण सुरू झाल्यावर तिला नेण्या-आणण्याचं कामही त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. मी भाड्याच्या गाडीचं सुचवलं होतं. ते म्हणाले, तिला माझ्या गाडीत झोप लागते. ते खरं होतं.

गुह्याजवळ आधी गाडीची ओढ गेली. मग इंजिन थरथरू लागलं, सायलेन्सरमधून फटफट आवाज आला आणि वडिलांनी गाडी कडेला घेतली. मागून येणाऱ्या ट्रकने बराच वेळ हॉर्न वाजवला आणि तो निघून गेला. वडिलांनी बॉनेट उघडून नेहमीच्या क्रमाने तपासणी केली. प्लग पाहिले, पॉइंट पाहिले, कार्बोरेटरचा जेट फुंकून पाहिला. इंजिन कसंबसं चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढली. तिसऱ्या प्लगची वायर काढली तरी इंजिनात काही फरक पडला नाही. म्हणजे तो सिलिंडर आधीच बंद होता. एवढं निदान होईपर्यंत आईच्या मशीनची वेळ होत आली होती.

कांद्याच्या गोण्या घेऊन निघालेला एक पिकअप थांबला. त्यात आई आणि मी राहुरीपर्यंत गेलो, तिथून भाड्याची गाडी केली. वडील गाडीजवळ थांबले. त्या दिवशी आईला मशीनवर निम्माच वेळ मिळाला.

गाडी ओढून राहुरीच्या एका मिस्त्रींकडे नेली. मिस्त्री वडिलांना कारखान्याच्या दिवसांपासून ओळखतात आणि अजून फोरमनसाहेबच म्हणतात. त्यांनी इंजिनावरचं कव्हर काढलं तेव्हा मी तिथे होते. कव्हरखाली एका पोकळ दांड्यावर ओळीने आठ रॉकर असतात. तराजूच्या दांडीसारखे ते वर-खाली होतात. एक टोक खालून वर ढकललं जातं, तेव्हा दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबतं. तिसऱ्या सिलिंडरचा एक रॉकर मधोमध तुटला होता. बाकीच्यांची तोंडं झिजून त्यांना खड्डे पडले होते. दांडा उपसून पाहिला तर खालच्या अंगाने त्याच्यावर चरे होते, आणि ज्या भोकांतून रॉकरना तेल मिळतं त्यांतली निम्मी काळ्या गाळाने बुजली होती.

निदान सोपं वाटलं. तेल नाही, म्हणून झीज. झीज झाली, म्हणून तुटला. वडिलांनी मान डोलावली. जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्या नगरच्या एका दुकानातून रॉकर आणि दांड्याचा संच आणला. मिस्त्रींनी तेलाच्या वाटा तारेने साफ केल्या, इंजिन फिरवून तेल वरपर्यंत येतं का ते पाहिलं. आठही ठिकाणी तेल आलं.

शेवटचं काम टॅपेटचं. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात अगदी थोडी फट ठेवावी लागते. फट जास्त झाली तर रॉकर व्हॉल्व्हवर हातोडीसारखा आपटतो. ही फट मोजायला पातळ पोलादी पात्यांचं गेज मिळतं. मिस्त्रींनी ते पेटीतून काढलं. वडिलांनी हाताने मागे सारलं.

"ज्याला कान नाही त्यानं पट्टी घालावी," ते म्हणाले.

मिस्त्री हसले आणि बाजूला झाले.

वडिलांची पद्धत मिलहाऊसमधली होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाच्या हाडाशी धरायची आणि आत काय चाललंय ते ऐकायचं. चरकाचं बेअरिंग जाणार आहे हे ते आदल्या पाळीला सांगत, अशी त्यांची ख्याती होती. गाडीचे टॅपेटही ते तसेच लावत. इंजिन चालू ठेवायचं, एकेका रॉकरचा स्क्रू हळूहळू आवळायचा, आणि त्याची टिकटिक ऐकू येईनाशी झाली की तिथेच नट घट्ट करायचा. त्या दिवशी त्यांनी आठही रॉकर असेच लावले. काम फार लवकर झालं.

गाडी पुन्हा नगरच्या फेऱ्या करू लागली. आई जाताना जागी असे, येताना झोपे.

घरात वडिलांना हाक मारली तर दोनदा मारावी लागे. यावर आईचं एक ठरलेलं वाक्य होतं: "ह्यांना बायकोचं कधी ऐकू आलंय?" पाहुणे हसत, वडीलही हसत. मोबाईल वाजला तर तो शेजारच्यांना आधी ऐकू येई. टीव्हीचा आवाज मोठा असे, पण आमच्या गल्लीत सगळ्यांच्याच टीव्हीचा आवाज मोठा असतो. ते लक्ष देत नाहीत, असा सगळ्यांचा समज होता. फोरमन होते, त्यांना दुसऱ्याचं ऐकायची सवय नाही, असंही म्हटलं जाई.

पावसाळा निम्मा सरला असताना गाडी दुसऱ्यांदा बंद पडली. या वेळी नगरहून परत येताना, राहुरीच्या अलीकडे. त्याआधी थोड्या अंतरावर वडील एका टँकरला ओलांडायला उजवीकडे निघाले होते. त्याच क्षणी मागून एक मोटरसायकल बारीक, कर्कश हॉर्न वाजवत आमच्या आणि दुभाजकाच्या मध्ये शिरत होती. वडिलांनी गाडी आवरली नाही. मोटरसायकलवाल्याने ब्रेक लावला, तो घसरला, पडता पडता वाचला, मग पुढे येऊन काचेवर हात आपटून शिवी देऊन गेला. वडिलांनी विचारलं, हा कुठून आला?

गाडी बंद पडली तेव्हा आई पांढरीफटक झाली होती. डायलिसिसनंतर तिचा रक्तदाब खाली येतो. रस्त्याकडेच्या बंद टपरीच्या बाकावर मी तिला निजवलं आणि पाय वर धरले. वडील बॉनेटमध्ये वाकले होते. ते दूर आहेत असं पाहून ती म्हणाली, "लई दिवस झाले वाजतीय गाडी. पत्र्यावर गारा पडल्यासारखी."

मी विचारलं, तू त्यांना का नाही सांगितलंस.

"गाडीचं त्यांना मी काय सांगू? मला वाटलं त्यांना ठाऊक असंल."

आवाज मीही ऐकत होते. गल्लीतही ऐकू जात होता. गाडी वेशीजवळ आली की शेजारीण आईसाठी चहाचं आधण ठेवायची, हे तिनेच नंतर सांगितलं. कोणीच वडिलांजवळ त्याबद्दल बोललं नव्हतं. फिटरला त्याच्याच इंजिनाचा आवाज सांगायचा, हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

मिस्त्रींकडे गाडी पुन्हा उघडली ती शुक्रवारी, ते दुपारच्या नमाजावरून आल्यावर. वडील आईजवळ घरी होते. तिला त्या दिवशी उठवत नव्हतं. रॉकर शाबूत होते, पण त्यांच्या तोंडांवर पुन्हा खड्डे पडायला लागले होते. एक पुशरॉड, म्हणजे रॉकरला खालून ढकलणारी सळई, जागेवरून उडून वाकली होती. तेल सगळीकडे होतं. भोकं स्वच्छ होती. दांड्यावर चरा नव्हता. भाग नवे होते. पहिल्या वेळी जे कारण सापडलं होतं त्यातलं काहीच या वेळी नव्हतं.

मी मिस्त्रींना गेज लावायला सांगितलं. त्यांनी जी पात अडकत जायला हवी ती फटीत घातली. ती सैल हलली. त्यांनी जाड पात घातली, मग दोन पाती एकत्र घातल्या. त्याही सहज गेल्या. आठही ठिकाणी तेच. नट मात्र सगळे घट्ट होते; म्हणजे फट मागाहून वाढली नव्हती, लावतानाच तेवढी ठेवली गेली होती.

मिस्त्रींनी हात पुसले. "ताई, हे मला आधीच ठावं हुतं. मागल्या टायमाला त्यांनी लावून झालं तवाच वाजत हुती. पन फोरमनसायबाला आमी काय शिकवनार? म्हनलं, त्यांनी ऐकूनच ठिवली असंल."

टिकटिक ऐकू येईनाशी झाली की थांबायचं, हा नियम बरोबर होता. वडिलांना ती सुरुवातीपासूनच ऐकू येत नव्हती.

मिस्त्रींनी पुशरॉड बदलली आणि गेजने आठही फटी लावल्या. इंजिन सुरू केलं तेव्हा शेडमधला रेडिओ ऐकू येत होता. गाडी मीच कोल्हारला घेऊन आले.

वडील अंगणात आले. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, इंजिन चालू ठेवायला सांगितलं, घरातून स्क्रूड्रायव्हर आणला. डोळे मिटून प्रत्येक सिलिंडरवर ऐकलं. मग म्हणाले, "ठीक आहे. मी लावली होती तशीच आहे."

मी इंजिन बंद केलं. सोमवारपासून आईला मी घेऊन जाईन, असं मी म्हणाले. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. त्यांना ते ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. ते माझ्या ओठांकडे पाहत राहिले. तिसऱ्यांदा मला ओरडावं लागलं.

"तुम्हाला ऐकू येत नाही, दादा."

समोरच्या ओट्यावर बसलेल्या माणसांनी आमच्याकडे पाहिलं. आतून आई म्हणाली, हळू बोल. वडिलांनी स्क्रूड्रायव्हर फडक्याने पुसला, बॉनेट खाली घेतलं आणि दोन्ही हातांनी दाबून बसवलं.

"किल्ली आत खुंटीला लाव," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात श्रीरामपूरला कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. एका बंद खोलीत त्यांना हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बोट वर करायचं होतं. काचेतून ते दिसत होते. जाड आवाजांना बोट वर जाई. आवाज बारीक होत गेले तसं ते खालीच राहिलं, आणि वडील काचेकडे पाहून अजून सुरू का करत नाहीत असं खुणेने विचारत होते. डॉक्टरांनी नोकरी कुठे केली ते विचारलं. चरकाशेजारी किती पाळ्या केल्या, कानात बोळे घालत होता का, हेही विचारलं. वडील म्हणाले, बोळे घातले तर मशीन कसं ऐकू येणार. बारीक आवाज परत येणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. यंत्र लावल्यास बोलणं बरं कळेल, म्हणाले. गाडी चालवण्याबद्दल त्यांनी स्वतःहून काही सांगितलं नाही. वडिलांनीही विचारलं नाही.

यंत्र आणलं. ते जेवताना लावतात, जेवण झालं की काढून ठेवतात. भांड्यांचा आवाज त्रास देतो, अशी त्यांची तक्रार आहे.

पहिल्या सोमवारी गाडी मी चालवली. आईसाठी मागची सीट लावली आणि वडिलांसाठी पुढचं दार उघडून ठेवलं. ते फाटकापर्यंत आले. त्यांनी आईची उशी सारखी केली, पाण्याची बाटली तिच्या हाताशी दिली, मग पुढचं दार बाहेरूनच लावून घेतलं. आईने त्यांना चला म्हटलं. दोनदा म्हटलं. ते फाटक उघडायला गेले होते.

त्या दिवशी आई जाताना आणि येताना जागीच होती. त्यानंतर आजपर्यंत वडील तिच्यासोबत नगरला गेलेले नाहीत.