बिनआकड्यांचं घड्याळ

मी आयुष्यातलं पहिलं घड्याळ घेतलं ते वेळ बघायला नव्हे, बांगड्यांत शोभावं म्हणून. हसायचं तर खुशाल हसा. ते घड्याळ इतकं नाजूक होतं की कुणी वेळ विचारली की मी मनगट डोळ्यांपाशी न्यायची, मग लांब धरायची, मग उजेडाकडं तोंड करायची आणि शेवटी म्हणायची, "झाले असतील साडेदहा." समोरच्याला वाटायचं, बाई मोठा विचार करून बोलतात.

परवा नात फोन घेऊन शेजारी येऊन बसली. कॉलेजला जायचंय, पहिलं घड्याळ घ्यायचंय, आणि बापानं सांगितलंय की स्वस्तातलंच. एकेक चित्र बोटानं सरकवत म्हणाली, "आजी, तू सांग, कोणतं?"

मी म्हटलं, "आकडे असलेलं घे."

"शी! आकडे आता कोण घेतं? साधी डायलच भारी दिसते."

तिला कारण सांगायचं म्हणजे आत्याबाईंचं सगळंच सांगावं लागलं असतं. आत्याबाई म्हणजे माझी सासू. आमच्याकडं सुना सासूला आत्याबाईच म्हणतात. त्यांना जाऊन आता लई वर्षं झाली.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि नुकतीच सरकारी शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते. गावातली सगळ्यांत हुशार सून मीच, असं माझं मत होतं. दुसऱ्या कुणाचं होतं की नाही, ते मी कधी विचारलं नाही. मालक सोलापूरला नोकरीला, पंधरवड्यानं घरी यायचे. मामंजी माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात आत्याबाई, मी आणि माझी दहा महिन्यांची लेक.

जळकोटच्या अलीकडं हायवेला आमचा फाटा. फाट्यापासून गाव चालत पाऊण तास. शाळा त्याच हायवेवर, एसटीनं अर्धा तास पुढं. सकाळी फाट्यापर्यंत दूध घालायला निघालेल्या बायकांची सोबत मिळायची. संध्याकाळी कुणी नसायचं. वाटेत ओढा, ओढ्यात वेड्या बाभळींची दाटी, आणि तिथली कुत्री माणूस एकटं दिसलं की अंगावर यायची. म्हणून आत्याबाई रोज संध्याकाळी लेकीला कडेवर घेऊन, एका हातात काठी धरून फाट्यावर मला न्यायला यायच्या.

माझी गाडी साडेपाचला. पण साडेपाच कधी होतात हे त्यांना कळणार कसं? घरात घड्याळ नव्हतं. अंगणातल्या लिंबाची सावली गोठ्याच्या दाराला लागली की निघायचं, हे त्यांचं गणित. ते उन्हाळ्यात जमायचं, थंडीत चुकायचं, आणि आभाळ आलं की सावलीच नसायची. मग सून एकटी उभी राहायला नको म्हणून त्या लवकरच निघायच्या. कधी तासभर आधी, कधी दोन तास. फाट्यावर बसायला एक दगड होता आणि एक चहाची टपरी. टपरीवर बाईमाणसानं बसायची रीत नव्हती, म्हणून दगड.

त्यांना अक्षर येत नव्हतं, आकडे मात्र येत होते. बाजारात भाजी विकून विकून वजनांवरचे आकडे डोळ्यांत बसलेले. एसटीच्या तिकिटावरचेही ओळखायच्या आणि कंडक्टरला चूक दाखवायच्या.

पहिला पगार झाला तशा आम्ही दोघी तुळजापूरला गेलो. देवीची ओटी भरली आणि येताना बाजारात घड्याळाच्या दुकानात शिरलो. दुकान म्हणजे एक टेबल, एक काचेचं कपाट आणि डोळ्याला भिंग लावून बसलेले एक चाचा. मी आवाज जरा जाड करून म्हटलं, "घड्याळ दाखवा. लई महागातलं नको."

चाचांनी भिंग काढलं. "पैलंच घेतायसा न्हवं?"

मला तेच झोंबलं. "पैलं कशाचं? माहेरी होतं की." खोटं! माहेरी भिंतीवर होतं, तेही बंद.

चाचांनी तीन घड्याळं काढून फडक्यावर मांडली. एक पोलादी पट्ट्याचं, ते जड होतं. दुसरं काळ्या चामड्याच्या पट्ट्याचं, वाटोळं, पांढरी तबकडी, तिच्यावर एकपासून बारापर्यंत ठसठशीत आकडे. तिसरं सोन्याचं पाणी दिलेलं, चिंचोक्याएवढं. आकडे नाहीत, नुसत्या चार रेघा.

"पैल्यांदा घेणाऱ्यानं ह्ये घ्यावं," चाचांनी मधलं पुढं सरकवलं. "आकडे साफ, चावी घट, पट्टा तुटला तर कुठं बी मिळतंय. त्या सोनेरीचं पानी सा म्हैन्यात उडतंय, बाई. झूट न्हाय बोलत."

एवढा वेळ आत्याबाई माझ्या मागं उभ्या होत्या. त्या पुढं आल्या आणि काचेवर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्ये बारा. ह्ये तीन. ह्ये सहा. मला बी कळतंय की गं ह्ये!"

त्यांचा असा आवाज मी लेकीच्या बारशालाही ऐकला नव्हता.

"माँजी हुशार हायती," चाचा म्हणाले.

"ह्येच घे, पोरी," आत्याबाई मला म्हणाल्या. "तुला साळंत भितीला घड्याळ हाय, घंटा हाय. ह्ये घरी खुंटीला ऱ्हाईल. गाडीची येळ मला तितनंच कळंल."

आणि मी हसले, अगदी दुकानभर. "आत्याबाई, मनगटातलं घड्याळ खुंटीला टांगायचं व्हय? मग मी काय नुसतं सांगत फिरू, घरी आहे म्हणून?"

चाचा हसले नाहीत. आत्याबाईंनी काचेवरचं बोट काढून पदरात घेतलं.

मी म्हटलं, "हे गड्यामाणसाचं दिसतंय," आणि चिंचोका उचलला. डाव्या हातात आठ हिरव्या बांगड्या होत्या. चार वर सारल्या, चार खाली, मधे ते घड्याळ. हात असा धरला, तसा धरला. शाळेत दुसऱ्या बाई होत्या, त्यांच्याकडं घड्याळ नव्हतं. मला वेळ हवीच होती कुठं? मला त्या बाईंचं तोंड बघायचं होतं.

आत्याबाई म्हणाल्या, "शोभतंय." तेवढंच.

तर असा माझा दिमाख. सोमवारी शाळेत मी फळ्यावर डाव्या हातानं लिहायचं तेवढं बाकी ठेवलं. साखळी सैल होती, हात वर केला की घड्याळ कोपरापर्यंत घसरायचं आणि बांगड्या खळ्ळकन त्याच्यावर आपटायच्या. मुलं फळा सोडून माझ्या कोपराकडं बघायची.

आत्याबाईंनी मात्र अजून आशा सोडली नव्हती. एका रविवारी संध्याकाळी मी न्हायला गेले आणि घड्याळ कोनाड्यात काढून ठेवलं. परत येऊन बघते तर काचेवर कुंकवाचे दोन ठिपके! काडीच्या टोकानं, अगदी जपून दिलेले. एक लहान काट्याच्या टोकाला, एक मोठ्या काट्याच्या टोकाला. नव्या वस्तूला कुंकू लावतात हे मलाही ठाऊक होतं, पण ते आल्या दिवशीच साखळीला लावून झालं होतं.

"हे काय केलंत? राडा केलात की घड्याळाचा!"

त्या लेकीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "आगं, आत्ता साडेपाचच्या गाडीचा भोंगा वाजला. वारं हिकडचं हाय, आयकू आला. तवा काटे कुठं हायती त्ये धरून ठिवलं. उद्याच्या दिवस ह्ये ठिवून जा. काटे ठिपक्याच्या जरा अलीकडं आले की मी घरनं निघंन. चूक न्हाय व्हायची."

शाळेत मी पोरांना चिंचोके मांडून अंक शिकवायची. खडे मांडून वजाबाकी. ज्याला समजत नाही त्याला त्याच्या हाताशी असलेल्या वस्तूनं शिकवावं, हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते. आणि इथं एका बाईनं स्वतःच रीत काढली, आकडे नसलेल्या घड्याळावर स्वतःचे आकडे दिले, तर मी काय केलं? पदराचं टोक ओलं केलं आणि पुसून टाकलं.

"घड्याळ असं शिकत नसतात, आत्याबाई."

"बरं," त्या म्हणाल्या. पुन्हा त्यांनी त्या घड्याळाला हात लावला नाही.

मोठ्यानं बोललेलं माणूस विसरतं, पण ते 'बरं' माझ्या कानातून गेलेलं नाही.

मग आषाढातला तो दिवस. आमच्याकडं आभाळ नुसतं येऊन बसतं, पडत काही नाही. सकाळपासून सगळीकडं एकच राखाडी रंग, सावली म्हणून कुठं नाही. शाळा सुटली तशी दुसऱ्या बाई म्हणाल्या, "चला, नळदुर्गला जाऊन तुमची साखळी बसवून आणू. मलाही खण बघायचाय." मी एका पायावर तयार. साखळीच्या तीन कड्या काढून घेतल्या, खण बघितले, गुळाची शेव खाल्ली. तिथून परतीच्या गाडीत बसले तेव्हा दिवेलागण होत आली होती. आत्याबाई फाट्यावर असतील हे डोक्यात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी म्हटलं, बसतील थोडं.

फाट्यावर उतरले तेव्हा पुरता अंधार पडला होता. आत्याबाई दगडावर नव्हत्या, हायवेच्या अगदी कडेला उभ्या होत्या. लेक खांद्यावर झोपलेली. टपरीवाला कंदील घेऊन पुढं आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तरीणबाई, म्हातारी दुपारच्या भाकरीनंतर आलीय बघा. आभाळामुळं काय उमगलं न्हाय तिला. परत्येक गाडीला उठून हुबी ऱ्हाती. म्या म्हटलं, आत बसा, दूध देतो लेकराला. दूध घेतलं, पर आत बसंना. म्हणं, गाडीतनं पोरीला म्या दिसाय पायजे."

दुपारच्या भाकरीनंतर म्हणजे कितीला? मी मनगट डोळ्यांपाशी नेलं. अंधारात त्या चार रेघाही दिसेनात. साखळी मात्र घट्ट बसली होती.

आत्याबाईंनी विचारलं, "उशीर झाला गं?"

मी म्हटलं, "गाडी बंद पडली."

"मंग काय करणार," त्या म्हणाल्या आणि लेकीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मी पुढं होऊन घ्यायला हवं होतं, पण खोटं बोललेल्या माणसाचे हात चटकन पुढं येत नाहीत. ओढ्यात त्यांचा पाय मुडपला. दुपारपासून उभं राहून पायांना गोळे आले होते. तेव्हा कुठं मी लेकीला घेतलं.

खरं काय ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून घड्याळ घरी ठेवून जायचं म्हटलं असतं तर आखूड झालेली साखळी त्यांच्या हाती पडून माझं खोटं उघड झालं असतं, म्हणून तेही केलं नाही. बघा, एका खोट्यानं कसं सगळं अडवून धरलं. नातीला वाटतं आजी लई खट्याळ. खट्याळपणा नंतर आला. तेव्हा होता तो नुसता तोरा.

चाचांचं म्हणणं खरं ठरलं. सहा महिनेसुद्धा लागले नाहीत. सोन्याचं पाणी उडून खालचं पितळ उघडं पडलं, मनगटाला काळा पट्टा उमटला, आणि शाळेतल्या बाईंनी विचारलं, "हाताला काय भाजलं का?" मी ते घड्याळ पेटीत टाकलं.

पुढच्या वर्षी शाळेच्या गावातच खोली मिळाली. आत्याबाई आणि लेक माझ्याबरोबर आल्या. खोलीपुढं वट्टा, वट्ट्यापुढं मोकळी जागा, आणि पलीकडं शाळा. बस्तान बसल्यावर मी एकटीच तुळजापूरला गेले. चाचा तसेच भिंग लावून बसलेले. मला ओळखलं की नाही, कोण जाणे. मी म्हटलं, "पांढऱ्या तबकडीचं, ठसठशीत आकड्यांचं द्या." यावेळी हातात घालून बघितलं नाही.

घरी येऊन ते आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी आधी कानाला लावलं, मग तबकडीवरून बोट फिरवलं, एकापासून बारापर्यंत, न चुकता. मी शिकवायला बसले तर पंधरा मिनिटांत सगळं आलं. पंधरा मिनिटं! मी मुद्दाम काटे फिरवले आणि विचारलं, "किती वाजले?"

"साडेपाच," त्या म्हणाल्या.

मग घड्याळ पदरानं पुसून त्यांनी माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाल्या, "लई चांगलं हाय. पर आता ह्येचं म्या काय करू, पोरी? आता तू साळंतनं निघालीस की मला वट्ट्यावरनंच दिसतीस."