माठ काय म्हणते?

बोटाच्या गाठीनं माठावर टकटक करायची आणि माठाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायचं, ही भाऊंची सवय. "काय म्हणते, मॅडम?"

पहिल्यांदा मला वाटलं, हा माणूस माझी परीक्षा घेतो आहे. मी गणिताची बाई, परीक्षा घ्यायची सवय, द्यायची नाही. म्हटलं, "तुम्ही वाजवलं, तुम्हीच सांगा." तेव्हा त्यांनी कानाकडे बोट दाखवलं आणि हसले. गडचांदूरला सिमेंटच्या भट्टीवर तीस वर्षं काढलेला माणूस. त्या घरघरीनं बारीक आवाज ऐकायची ताकद गेली होती. माणसांचं बोलणं ते ओठांवरून ओळखत. पण भाजलेला माठ पक्का असला तर घणघणतो आणि तडा असला तर बद्द वाजतो, हे कुठल्या ओठांवर दिसणार? त्यांना उसने कान हवे होते, ते माझे मिळाले.

आम्ही दोघं दर रविवारी कोरपन्याच्या पुढे एका गावात कुंभारीण बाईंकडे माठ करायला शिकायचो. मी मोबाईल बघून बघून डोळे बिघडवून घेतले होते म्हणून, आणि ते रिटायर झाल्यापासून घरात बायकोच्या पायात पायात करत होते म्हणून. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणायला लागले. भाऊंना एकच गोष्ट हवी होती: आपण घडवलेला, आपण भाजलेला, पाणी राहील असा एक माठ.

"तीस वर्ष भट्टी चालवली, मॅडम. पण तिच्यातून निघालेलं काईच घरी नाई नेता आलं. सिमेंटची थैली नेऊन तिच्याकडे पाहत बसू का?"

तोंडावर खरं बोलण्यानं शाळेत माझं फारसं कुणाशी पटत नाही. भाऊंना नेमकं तेच आवडलं. "तुमी गोड बोलत नाई. तुमचाच कान कामाचा." ही तारीफ होती की काय, मला अजून कळलेलं नाही.

पहिल्यांदा आवा लावायचा ठरला तेव्हा भाऊ रजिस्टर घेऊन आले. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी: खाली कपाशीच्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या, वर मडकी, त्यावर भाताचं तणस, आणि सगळ्यावर राखेचा थर. भाऊंनी रकाने आखले, शिफ्ट लिहिली आणि पेन सरसावलं.

"बाई, टेंपरेचर किती होते?"

"लाल."

"किती लाल?"

बाईंनी जरा विचार केला. "कुंकवाएवढं नाई. पळसाच्या फुलाएवढं."

भाऊंनी मुकाट्यानं रकान्यात लिहिलं: पळस.

दुसऱ्या दिवशी बाई लग्नाला चंद्रपूरला गेल्या. आवा दोन दिवस तसाच निवू द्या, हात लावू नका, असं बजावून गेल्या. आता सिमेंटच्या भट्टीतून लाल गोळे बाहेर पडले की त्यांच्यावर मोठमोठ्या पंख्यांचा वारा सोडतात, म्हणजे माल चांगला होतो. हे भाऊंच्या अंगात मुरलेलं. शाळा सुटल्यावर मी सहज डोकावायला गेले, तर भाऊंनी घरचा उभा पंखा आणलेला, शेजारच्या घरातून वायर ओढलेली, आव्याची एक बाजू उघडलेली आणि पंखा तीनवर. आतून ठस्स, ठस्स आवाज येत होते. एकामागून एक मडकं तडकत होतं आणि भाऊ शेजारी खुर्ची टाकून समाधानानं बसले होते. त्यांना त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. मी धावत जाऊन पिन उपसली.

"काऊन, मॅडम? थंडं होऊन राह्यलं ना."

"फुटून राह्यलं, भाऊ. सगळं."

भाऊंचा चेहरा एवढासा झाला. त्यात बाईंचीही मडकी होती. बाई परत आल्या, खापरांचा ढीग बघितला आणि ओरडल्यासुद्धा नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, आवा बाळंतीण असते. तिले वारा लागू द्याचा नाई." मग भाऊंनी स्वतःलाच शिक्षा दिली. पुढचे दोन महिने बाईंची माती त्यांनीच मळली.

आमच्याकडची माती म्हणजे चुनखडीची. तिच्यातला एखादा खडा माठात राहिला, तर तो भाजून निघतो, नंतर पाणी पिऊन फुगतो आणि माठाचा टवका उडवतो. म्हणून खडे निवडावे लागतात. भाऊ चष्मा लावून निवडायचे आणि प्रत्येक खडा बिस्किटाच्या डब्यात टाकायचे. "याचं सिमेंट होते, मॅडम. माझे जुने पाहुणे आहेत हे."

दुसऱ्या आव्यातला त्यांचा माठ बद्द वाजला. मी तसं सांगितलं. तिसऱ्या आव्यातून निघालेला मात्र जरा वाकड्या मानेचा, एका अंगाला काळा पडलेला. त्यांनी टकटक केली आणि माझ्याकडे बघितलं. देवळातल्या घंटेसारखा घणघणला हो. मी काही म्हणायच्या आधीच त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं आणि दोन्ही हातांनी डोळे पुसले. हातांना राख होती, सगळी तोंडाला लागली.

त्याच महिन्यात मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. गाडीत चार बॅगा, एक कुकर, शिलाई मशीन आणि भाऊंची बायको. माठाला जागा उरली नाही. "दिवाळीत येऊन नेतो. तवरी पाणी भरून ठेवा," म्हणत त्यांनी माठ माझ्याकडे दिला, आणि खड्यांचा डबाही.

मी पाणी भरलं. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात टक्क झालं. रुपयाएवढा टवका उडाला होता, तिथून मानेपर्यंत तडा गेलेला, आणि खळग्यात पांढरा दाणा. मला रडू आलं. माझा माठ असता तर आलं नसतं.

त्यांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून नातीनं व्हिडिओ कॉल लावून दिला. "काय म्हणते, मॅडम?"

मी फुटकी बाजू भिंतीकडे वळवून ठेवली होती. टकटक केली. बद्द. "घणघणतो ना, भाऊ," मी म्हटलं. इतकं गोड मी आयुष्यात कुणाशी बोलले नसेन.

भाऊ माठाकडे बघतच नव्हते. नेहमीसारखे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"खडा कोठी होता?"

मी माठ फिरवला. "अर्ध्याच्या वर. ज्वारीएवढा."

"पाहा बाप्पा. तीस वर्ष डोंगरच्या डोंगर दळले, अन् एक दाणा राह्यला." हसले, पण थोडंच. मग विचारलं, "पाणी राह्यते?"

"अर्धा माठ राहतं."

"गार होते?"

"होतं. फ्रीजपेक्षा चांगलं."

पुन्हा ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, या वेळी बराच वेळ. "हे खरं आहे," म्हणाले आणि नातीच्या हाती फोन दिला.

दिवाळीत त्यांचं येणं झालं नाही, गुडघे दुखतात म्हणे. माठ माझ्याकडेच आहे, अर्धा भरलेला, आणि तो दाणा मी त्यांच्या डब्यात टाकला. मला त्यांची फार आठवण येते. रविवारी बाईंच्या आव्यातून मडकं निघालं की मी टकटक करते, आवाज ऐकते आणि तो सांगायला मान वर करते. समोर बाई गोवऱ्या रचत असतात.