मागं मी हाय

“पुढं बघून चाला. मागं मी हाय.”

एवढंच ते म्हणायचे आणि समोरचा माणूस चालू लागायचा. आमच्या नगरच्या हृदयाच्या इस्पितळात लांब व्हरांड्यात फरशीवर दोन पांढऱ्या पट्ट्या आहेत. त्यांच्यात तीस मीटरचं अंतर. हृदयाची झडप बदललेल्या माणसाला सहा मिनिटं या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत चालवायचं आणि फेऱ्या लिहून घ्यायच्या. परीक्षा इतकी साधी आहे, की तिच्यावर परदेशात भाषणं होतात.

भाषणं आमचे मोठे डॉक्टर करायचे. फेऱ्या हे आमचे मदतनीस मोजायचे. मी दोघांच्या मध्ये, संगणकासमोर.

रुग्णाच्या शेजारून चालायचं नाही, असा नियम आहे. तो आपल्या पावलाला पाऊल जुळवू लागतो. म्हणून हे दोन पावलं मागून चालत. आणि मागून आवाज येई : टिक, टिक, टिक.

तो त्यांच्या छातीतून यायचा. पस्तिशीत त्यांना आमच्याकडेच धातूची झडप बसवली होती. बरे झाले आणि इथेच मदतनीस म्हणून राहिले. अंगाने काटकुळे, त्यामुळे शांत जागी ती झडप उशाशी ठेवलेल्या घड्याळासारखी ऐकू यायची. नवा रुग्ण दचकून वळायचा. “मागं बघायचं न्हाई,” हे शांतपणे सांगत. “मी चालू हाय, त्याचा आवाज हाय त्यो.”

आमचा सगळा अभ्यास झडपांचाच होता. धातूची बरी की जनावराच्या हृदयावरच्या पडद्यापासून केलेली? धातूची वाजते, जनावराची मुकी असते. घोडेगावच्या अलीकडच्या वस्तीवरच्या एका आजींना ही मुकी बसली होती. हे कळल्यावर त्यांनी आमच्या माणसाला धरलं.

“कंच्या जनावराची हाय रं?”

“घोडेगावच्या बाजारातली न्हाई आजी, येवढं नक्की.”

“मग बरं. तिथले दलाल वय चोरत्यात.”

दर वर्षी प्रत्येक रुग्णाला चालवावं लागे. जे येत नसत त्यांच्याकडे हे एसटीने जात. पिशवीत तीस मीटरची दोरी आणि सेलचं घड्याळ. वस्तीवर पोचले, की अंगणात दोरी ताणायची, दोन टोकांना चुन्याची खूण करायची. मग म्हातारं माणूस पुढे आणि मागे हा वाळका, टिकटिकणारा मनुष्य, अशी वरात निघे. काही गावांत बायका लेकरांना आत घेत. एकीने सरळच विचारलं होतं, “आमच्या सासऱ्याला न्ह्यायला आलाय का?”

“न्ह्यायला न्हाई, बघायला आलोय,” हे म्हणाले. तिला ते फारसं पटलं नाही. चहा मात्र मिळाला. चहाला ते कधी नाही म्हणत नसत.

एकदा मोठ्या डॉक्टरांचं भाषण झालं. पाहुणे, शाली, नारळ, सगळं यथासांग. पडद्यावर एक रेघ होती, डावीकडून उजवीकडे पायरीपायरीने उतरणारी. कोणत्या झडपेची माणसं किती जगली त्याची. टाळ्या झाल्या, लोक जेवायला गेले. हे पडद्याजवळ गेले आणि बोटाने पायऱ्या उतरू लागले.

“ही सोनईचे मास्तर. ही त्यांच्या मागनं गेलेली शिंपीण. ही...” एकेका मरणाची एकेक पायरी, आणि ती कुणाची ते त्यांना पाठ. मग बोट थांबलं. “सर, ह्या मधल्या बारक्या उभ्या रेघा कशाच्या?”

मी म्हणालो, “ज्यांच्याशी संपर्क तुटला त्यांच्या. पत्ता नाही, फोन नाही. त्या दिवसापर्यंत होते, एवढंच माहीत.”

“म्हंजे हायत का न्हाईत?”

“ते या रेघेला सांगता येत नाही.”

मी जेवून आलो तरी ते तिथेच उभे होते. व्यासपीठ मोकळं, पडद्यावर ती रेघ, आणि रिकाम्या दालनात टिकटिक.

“सर, एक काम करा,” ते म्हणाले. “मी पण ह्या अभ्यासातलाच हाय. घरात मागं कुणी न्हाई. उद्या गेलो तर कागदावर ‘गेला’ असं लिवा. ती उभी रेघ नको. शब्द द्या.”

मी दिला. शब्द द्यायला मला कधी काही वाटलेलं नाही. पण त्यांनी माझा हात धरून ठेवला होता.

अभ्यासात असल्यामुळे त्यांचीही वर्षाची चाल असे. तेव्हा त्यांच्या मागून मी चालायचो. जगाला मागे न बघायचं बजावणारा हा माणूस दर चार पावलांनी मागे बघायचा.

“अहो, पुढे बघा.”

“तुमचा आवाज येत न्हाई, सर. हायसा का गेला, कळत न्हाई.”

मला हसू यायचं. तेव्हा यायचं.

एका मंगळवारी सकाळी ते कामावर आले नाहीत. त्यांच्या खोलीच्या मालकांचा फोन आला. म्हणाले, “निजल्यालेच हायत. पर आवाज बंद हाय.”

बुधवारी ख्रिस्ती कब्रस्तानात त्यांना पुरलं. पाळकांनी प्रार्थना म्हटली, ती लांबली. मी पेटीजवळ उभा राहून कान लावत होतो. कशाला, ते विचारू नका.

त्यांची पिशवी माझ्याकडे आली : दोरी, घड्याळ आणि महिन्याची यादी. यादीत एकच नाव राहिलं होतं. घोडेगावच्या आजी, गुरुवार. मी शनिवारी गेलो.

आजी दारात शेंगा निवडत होत्या. दोरी पाहून म्हणाल्या, “पुन्हा? झालं की माझं परवा.”

“कुणी घेतलं?”

“तुमचाच माणूस. दुसरं कोन येतंय?”

मी विचारलं, तुम्ही त्यांना पाहिलंत का? म्हणाल्या, “मी अंगनात हुते. मागनं म्हनला, पुढं बघून चाला. चालले. मागं टिकटिक चालूच हुती. त्यो मागं बघू देतो व्हय? झालं तवा वळले, तर गेल्ता. चाय घे म्हनलं हुतं मधी, तर न्हाई म्हनला. लई नवल वाटलं.”

तुम्ही वाचकही माझ्यासारखेच शंकेखोर असाल, तर तुम्हाला सुचलं तेच मलाही सुचलं. दिवस चुकला असेल. “गुरुवारच हुता,” आजी म्हणाल्या, “माजा उपास हुता.” घड्याळाची टिकटिक असेल. घरात घड्याळच नव्हतं. स्वतःच्याच छातीतला आवाज असेल, असं मी म्हणणार होतो. तोवर आठवलं, की आजींची झडप मुकी.

“ह्ये बघ,” म्हणून आजींनी कोनाड्यातून मूठभर चिंचोके काढले. दर फेरीला एक टाकायची त्यांची रीत होती. आमच्या मोजण्यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि मोठ्या डॉक्टरांना जवळून पाहिलेलं असल्यामुळे मला त्याचं वाईट वाटलं नाही. चिंचोके अकरा होते.

चुन्याच्या खुणा जुन्याच होत्या, कडुनिंबापासून हौदापर्यंत. मी घड्याळ लावलं. आजी चालू लागल्या. मी दोन पावलं मागे. तिसऱ्या फेरीला त्यांनी वळून पाहिलं. चौथीलाही.

“आजी, पुढे बघा.”

“त्याचं बरं हुतं बाबा. मागं हाय ते कळायचं. तुजा आवाजच येत न्हाई.”

उरलेल्या फेऱ्या मी बूट आपटत चाललो. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. बूट आपटले ते आजींसाठी नव्हे, माझ्यासाठी.

फेऱ्या अकरा झाल्या.

सोमवारी संगणकावर आमच्या माणसाचा कागद उघडला. ‘मयत’ या शब्दापुढे खूण केली, मंगळवारची तारीख घातली. खाली रकाना होता : शेवटचा संपर्क. मी गुरुवारची तारीख टाकली. गंमत म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. लाल अक्षरं उमटली : शेवटचा संपर्क मृत्यूनंतरचा असू शकत नाही. तारीख तपासा.

मी तपासली. आजींचा उपास, अकरा चिंचोके. तारीख बरोबर होती. पण ती तशीच ठेवली तर कागद जमा होणार नव्हता आणि त्यांच्या वाट्याला ती उभी रेघच आली असती. म्हणून शब्द पाळण्यासाठी मी मृत्यूच्या आदल्या दिवसाची तारीख लिहिली. धातूच्या झडपेची रेघ पडद्यावर मुकाट्याने एक पायरी उतरली.

मग आजींचा कागद घेतला. चाचणीचा दिवस : गुरुवार. फेऱ्या : अकरा. खाली ‘चाचणी घेणारा’ असा एक रकाना असतो. तो आजवर कुणी वाचलेला नाही, मोठ्या डॉक्टरांनी तर नाहीच.

तिथे मी त्यांचं नाव लिहिलं.