पाण्याखालची बॅटरी

बेंबळी गावात मोटारी भरून देण्याचं माझं दुकान आहे. मोटार भरणं म्हणजे जळालेल्या पंपातली तांब्याची तार काढून नवी गुंडाळणं. मोटारीच्या पोटात पाणी कुठून शिरतं, हे शोधण्यात माझी हयात गेली. माझी मुलगी अंदमानात असते, लोकांना समुद्राखाली फिरवून आणण्याचं काम करते. गेल्या हिवाळ्यात ती फोनवर म्हणाली, की तिच्या बॅटरीत पाणी गेलंय, नवी घ्यावी लागणार. आमच्याकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, की ती मी निवडणार. ती हसली, पण नको म्हणाली नाही.

खरं सांगायचं तर मला हाव वेगळीच होती. पोरगी तिकडं गेल्यापासून तिच्या कामातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. फोनवर मी जेवलीस का विचारायचो, ती पाऊस पडला का विचारायची, आणि फोन संपायचा. तिच्या त्या पाण्याखालच्या जगात आपण दिलेली एखादी वस्तू असावी, खाली उतरताना ती तिच्या हातात असावी, एवढंच मला पाहिजे होतं.

त्यानंतरचा महिना मात्र मजेत गेला. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं, की मी फोन लावायचो. ती सांगायची, खाली गेलं की सगळ्यात आधी लाल रंग जातो. लाल मासासुद्धा काळपट दिसतो, आणि उजेड टाकला की परत लाल होतो. दिवसासुद्धा बॅटरी लागते ती त्यासाठी, आणि खडकांच्या फटीत डोकावायला. बटण एका बोटानं दाबता आलं पाहिजे, मनगटात अडकवायला दोरी पाहिजे. मी विचारायचो, बॅटरीच्या झाकणाशी रबराच्या रिंगा किती, एक का दोन? दोनच पाहिजेत, एक कापली तर दुसरी पाणी अडवते. एवढा बारकावा त्यांच्या तिथल्या दुकानदारालाही ठाऊक नाही, असं ती म्हणाली. मग काय, दोन दिवस मी हवेत होतो. जो येईल त्याला समुद्राखालच्या गोष्टी ऐकवत होतो. जळालेली मोटार घेऊन आलेल्या एका शेतकऱ्यानं शेवटी शांतपणे विचारलं, की माझी मोटार भरणार आहात, का आता समुद्रच भरायला घेतलाय?

शेवटी निवडीत दोन बॅटऱ्या उरल्या. एकीचा उजेड पसरट होता, दुसरीचा बारीक आणि सरळ. पुण्याच्या एका दुकानदारानं दोन्ही पाठवल्या. एक ठेवायची, दुसरी परत करायची, आणि परत करायची ती पाण्यात घालायची नाही, ही त्याची अट. बॅटरी पाण्यातली आणि पाण्यात घालायची नाही! मला ते काही पटलं नाही. मी बायकोला बरोबर घेतलं आणि दोन्ही बॅटऱ्या घेऊन शेतातल्या आमच्या विहिरीवर गेलो.

याच विहिरीत पोरगी पोहायला शिकली. पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर, आणि दोराचं टोक माझ्या हातात. पोराला न सांगता दोर हळूहळू सैल करायचा आणि एक दिवस सोडूनच द्यायचा, अशीच आमच्याकडची शिकवण. ज्या दिवशी मी दोर सोडला, त्या दिवशी ती काठाकडं आलीच नाही. पलटी मारून सरळ खाली गेली, आणि ती वर येईपर्यंत मी जागच्या जागी गार पडलो होतो.

तसाच दोर मी आता बॅटऱ्यांना बांधला. विहिरीत सावली होती आणि पाणी गाळानं गढूळ. पसरट उजेडाची बॅटरी आत सोडली, तर भोवतीचं सगळं पाणी ताकासारखं पांढरं झालं. काही म्हणता काही दिसेना. बारीक उजेडाची सोडली, तर उजेड गाळ कापत सरळ खाली गेला. मोटारीचा पाइप दिसला, त्याच्या तळाची जाळीसुद्धा दिसली. माझा निकाल झाला. बायकोनं विचारलं, तिकडंबी असलंच पाणी असतं का? पाणी म्हणजे पाणी, असं म्हणून मी दोर गुंडाळला. बारीक उजेडाची पोरीला पाठवली, आणि पसरटवाली पुसून, वाळवून दुकानदाराला परत केली. ती लबाडी केली ती केलीच.

पोरीचा फोन आला तो पंधरा दिवसांनी. रिंगा छान आहेत, बटण छान आहे, असं ती सांगत राहिली. बाप आहे मी, तिच्या आवाजावरून मला कळतं. मी खोदून विचारलं, तेव्हा ती म्हणाली,

"अप्पा, बॅटरी लई चांगली हाय. पण इथलं पाणी काचंवानी असतंय. इथं पसरट उजेड लागतो. ही गढूळ पाण्याची हाय." मग तिनं विचारलं, "आपल्या हिरीत सोडून बघितली का तुम्ही?"

मी व्हय म्हणालो. महिनाभर ती मला तिचा समुद्र सांगत होती, आणि निवडायची वेळ आली तेव्हा मी माझ्याच विहिरीत दोर सोडला. बॅटरी निवडताना मला पोरगी समुद्रात दिसलीच नव्हती. इथंच दिसत होती, हाकेच्या अंतरावर. तिची आठवण येते, रोज येते, हे मी तिला कधी बोललो नाही, आणि तेव्हाही बोललो नाही. परत पाठव, बदलून देतो, एवढंच म्हणालो.

"न्हाय पाठवायची. आमाला खाली जाताना दोन न्याव्या लागतात, अप्पा. एक हातात, एक जाकिटाच्या खिशात. हातातली बंद पडली, तरच खिशातली काढायची. तुमची मी खिशात ठेवते."

खिशातली काढायची वेळ कधी आली होती का, असं मी विचारलं. अजून तरी न्हाय, ती म्हणाली.

हातात धरायला तिनं तिकडंच पसरट उजेडाची घेतली. माझी तिच्याबरोबर रोज खाली जाते, बंद, खिशात. मी सकाळी दुकानाचं शटर वर करतो तेव्हा ती पाण्यात उतरत असते. गल्ल्यावर बसण्याआधी मी देवाला हात जोडतो, आणि माझी बॅटरी आजही तिच्या कामाला येऊ नये, एवढंच मागतो.