न दिलेली ओ

धुळा धनगराला योहान व्हायला कुणी सांगितलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सोलापूरच्या त्या मिशनमध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्यानं नाव बदललंच पाहिजे असा काही दंडक नव्हता. खुद्द तिथले पाळक ज्ञानबा मास्तर, ज्यांच्या हातून बाप्तिस्मे व्हायचे, लग्नं लागायची, मयतीची प्रार्थना व्हायची, ते शेवटपर्यंत ज्ञानबाच राहिले. पण धुळाचा स्वभावच असा, की पाय धुवायला म्हणून जायचा आणि विहिरीत उडी घेऊन यायचा.

दिवाळी झाली की सांगोल्याकडचे धनगर मेंढरं घेऊन चाऱ्यामागं निघतात. असाच एका साली तो बापाबरोबर, बिरप्पाबरोबर, सोलापूरपर्यंत आला आणि तापानं फणफणला. मेंढरं काही माणसासाठी थांबत नाहीत. बिरप्पानं वयात आलेल्या त्या पोराला पाठीवर घेऊन मिशनच्या दवाखान्यात आणलं आणि म्हणाला, "माघारी येताना न्हेतो." पण माघारी येईपर्यंत पोरगा बदलला होता. परक्या बायांनी त्याचं अंग पुसलं होतं, पेज भरवली होती, उशाशी बसून प्रार्थना केली होती. देव प्रत्येकाला नावानिशी ओळखतो, असं त्याला तिथं कुणीतरी सांगितलं. ते त्याच्या काळजात रुतलं. शेकडो मेंढरांत एकेक ओळखणारा धनगर त्यानं घरातच पाहिला होता. देवही तसाच असेल हे मात्र त्याला नवं होतं. तो बापाबरोबर गेला नाही. लिहायला-वाचायला शिकला, मिशनच्या शाळेत पहारेकरी झाला, आणि पुढं बाप्तिस्मा घेतला.

नावाची अडचण त्याला एकट्यालाच वाटत होती. आधीची पोरं जगत नव्हती म्हणून बिरप्पानं धुळोबाला नवस केला आणि त्या देवाचंच नाव पोराला ठेवलं. 'धुळा' म्हटल्यावर आपण वळून पाहिलं, तर अर्धा जीव तिकडेच बांधलेला राहील, असं धुळानं मनाशी घेतलं. भर उपासनेत उभं राहून त्यानं सांगितलं, आजपासून मी योहान. जुन्या नावाला ओ देणार नाही. वस्तीतली टवाळ मंडळी मुद्दाम मागून हाका मारायची. हा मान न वळवता पुढं जायचा, आणि त्याची छाती फुगायची. आपण कुणीतरी आहोत, असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटत होतं. त्याला हसणं सोपं आहे, पण मला ते जमत नाही.

लग्न झालं. बायको नीलम्मा अक्कलकोटकडची, जन्मापासून ख्रिस्ती, समजूतदार. त्याच वर्षी हिवाळ्यात बिरप्पा त्याला भेटायला आला. मेंढरं गावाबाहेर ठेवून, खांद्यावर घोंगडं टाकून तो मिशनच्या फाटकाशी उभा राहिला आणि माळावर मारतात तशी हाक मारली, "धुळा! ए धुळा!"

योहान आत जेवत होता. घास हातातच राहिला.

"अहो, तुमचे आबा हाक मारायलेत," नीलम्मा म्हणाली.

"योहान म्हणू देत. मग जातो."

"बाप हाय की तुमचा."

"म्हणूनच. त्यांच्यापुढं ढळलो तर मग काय राहिलं?"

नीलम्मा बिचारी बाहेर गेली. म्हाताऱ्याला पाणी दिलं, नवऱ्याचं नवं नाव सांगितलं, त्या नावानं हाक मारा म्हणून विनवलं. बिरप्पानं ओठ हलवून पाहिले. जमलं नाही. "माझा धुळा हितं न्हाय म्हन की," तो म्हणाला आणि आल्या वाटेनं गेला. योहाननं खिडकीतून पाठमोरा बाप पाहिला. मोठं युद्ध जिंकल्यासारखं त्याला वाटलं, पण उरलेली भाकरी त्याला गेली नाही.

पुढच्या प्रार्थनासभेत त्यानं ही गोष्ट आपल्या विश्वासाची साक्ष म्हणून सांगितली. लोकांनी वाहवा केली. सगळे गेल्यावर ज्ञानबा मास्तरांनी विचारलं, "देवानं तुला पहिली हाक मारली, तेव्हा तू योहान होतास का रे?"

योहानला राग आला. मास्तर म्हातारे झाले, विश्वासात सैल पडले, असं तो नीलम्माला म्हणाला.

दोन-तीन हिवाळे गेले. बिरप्पा आला नाही. योहानला मुलगी झाली, ती रांगली, चालली, हाकेला "ओ" म्हणू लागली. एके दिवशी पोरीनं लपायचा खेळ काढला. हा हाका मारतो आहे आणि घर गप्प. विहिरीत डोकावून आला, रस्त्यावर धावला, घसा बसला. शेवटी पोर दाराआड सापडली, तोंडावर हात दाबून हसत होती. त्यानं मारायला हात उगारला, आणि तसाच खाली घेतला. बापाला फाटकाशी काय वाटलं असेल, ते त्याला तेव्हा कळलं. माणसाला स्वतःचं पोर झाल्याशिवाय काही गोष्टी कळतच नाहीत. त्याला आपण तरी काय करणार!

चौकशी करत तो मोहोळला गेला. तिथं एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. बिरप्पा खूप वाकला होता. मुलाला पाहून तो धडपडत उठला, घोंगडं झटकलं, पाव्हण्याला अंथरतात तसं अंथरलं.

"या, योहानराव. बसा."

नाव अगदी स्वच्छ उच्चारलं. योहानच्या धाकट्या भावाची बायको, बनाबाई, चुलीपासून म्हणाली, "वरसंच्या वरसं मेंढरामागं त्येच घोकत्यात, भावजी. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासनं."

योहाननं बापाचे पाय धरले. "आबा, धुळा म्हणा. माझं चुकलं. एकदा धुळा म्हणा."

बिरप्पानं झटकन पाय मागं घेतले. "न्हाय, न्हाय. तुमच्या देवाला चालत न्हाय त्ये. आमच्यापायी तुमाला दोष नगं."

"चालतं आबा. मीच वेडा होतो."

"आता आसं म्हनू नगासा. तुमी मोठ्या मनानं येवढं सोडलं, त्ये मी मोडू व्हय?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर योहाननं तो आनंदानं सोसला असता. ज्या बापानं त्याला तापात पाठीवर वाहून नेलं, तोच आता त्याला अहो-जाहो करत होता, भाकरीवर लोणी वाढत होता आणि संकोचानं विचारत होता, तुमाला चालतं न्हवं आमच्या हातचं? योहान जेवला. रडत जेवला. बिरप्पा तेवढा वेळ मेंढरांकडं बघत राहिला.

दिवस कलायला लागल्यावर तो निघाला. बांधापर्यंत रेंगाळत चालला. मागून आपल्याला कोणती हाक हवी आहे, ते त्याचं त्याला ठाऊक होतं.

"योहानराव!" बिरप्पानं माळावरची ती हाक मारली. "जपून जावा!"

"ओ," धुळा म्हणाला.