व्याह्यांचा चष्मेवाला सर

मोबाइलमधल्या माणसाचा घसा कोरडा पडला असंल म्हणून त्याच्यापुढं चहा ठेवणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकच निघंल, आणि ते माझे व्याही. माझी लेक त्यांच्या पोराला दिलेली. ती दोघं पुण्यात. आम्ही दोघं म्हातारे ढोकीत, एकाच गल्लीत, आपापल्या रिकाम्या घरात. व्याही साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या तोलून निवृत्त झालेले. रविवारी पोराचा फोन यायचा. "जेवलात का? गोळी घेतली का?" एवढ्यात बोलणं संपायचं. ते व्याह्यांच्या मनाला लई लागलं. "पाव्हणं, त्याच्या कामातलं आपल्याला कळत न्हाय, म्हणून त्यो बोलत न्हाय. आता शिकतोच." पोराचं काम म्हणजे कॉम्प्युटरमधल्या एक्सएमएल नावाच्या कागदांचं रूपांतर करणं. ते शिकवणारे व्हिडिओ व्याह्यांनी मोबाइलवर हुडकून काढले.

दुपारी टोपी घालून, मांडी ठोकून बसायचे. हिंदीत शिकवणारा चष्मेवाला सर "नमस्कार दोस्तों" म्हणाला, की हे उठून राम राम घालायचे. लघवीला जायचं तरी त्याला विचारून. धडा अर्ध्यावर आला की व्हिडिओ थांबवून कपबशी पुढं सरकवायचे. "मघापासनं बोलतंय बिचारं, जरा दम घेऊ द्या." तो चहा गार व्हायच्या आत मी पिऊन टाकायचो आणि म्हणायचो, "साखर कमी हाय." मी चौथीत शाळा सोडलेला. असल्या शिकण्याची मला गरज न्हाय, असं रोज सांगायचो आणि रोज जायचो.

मला त्यांनी उसावरनं समजावलं. "ऊस एकच. कुणाला रस पायजे, कुणाला गूळ, कुणाला साखर. तशी माहिती एकच. आपण नियम लिहायचे, त्या नियमाप्रमाणं तिचं पायजे ते रूप निघतं. आन् मूळ कागद जिथल्या तिथं, तसाच."

"म्हंजे ऊस गाळूनबी रानात उभाच? आमच्या रानात असं कधी झालं न्हाय."

व्याह्यांनी मोबाइल हातात घेतला. "सरांना विचारतो," म्हणाले, आणि खरंच मोबाइलला विचारलं.

एका रविवारी त्यांनी हे सगळं पोराला घडाघडा सांगितलं. मग पोरगा म्हणाला, "आबा, ते काम सोडून मला लई दिवस झाले. आता दुसरं करतो." व्याह्यांचं तोंड एवढंसं झालं. "पण तुम्ही हे शिकलात कशापायी?" पोरानं विचारलं.

"तुझ्यासंगं बोलायला."

पुढच्याच आठवड्यात पोरगा गाडी घेऊन आला आणि त्यांना घेऊन गेला.

निघताना व्याही म्हणाले, "तुम्हीबी चला की."

"लेकीच्या दारात जाऊन पडू व्हय? आमच्यात बाप लेकीच्या घरी ऱ्हात न्हाय."

"लई हेकट तुम्ही, पाव्हणं."

"हाय तर हाय."

जुना मोबाइल मला देऊन गेले.

आता रविवारी त्यांचा फोन येतो. "जेवलात का? गोळी घेतली का?" मी व्हय म्हणतो, आणि पुढं दोघांनाही काही सुचत नाही. म्हणून हल्ली दुपारी टोपी घालून मी तोच चष्मेवाला लावतो. हिंदी निम्मं कळतं, बाकीचं काहीच नाही. अर्ध्यावर थांबवून त्याच्यापुढं चहा ठेवतो. गार होईस्तोवर वाट बघतो, मग मीच पितो. साखर आता बरोबर असते.